जगदेवी अण्णाराव, मयत

मृत्यूच्या नोंदी आणि निराधार योजनेच्या पगाराच्या याद्या आता आपसात ताडून बघतात. वर कुठेतरी संगणक दोन्हीकडची नावं जुळवतो आणि मेलेल्यांच्या नावावर पगार उचलणाऱ्यांची यादी आमच्या चाकूरच्या तहसीलला पाठवतो. खोटं कशाला बोलू, ती यादी हातात आली की मला बरं वाटतं. चोर पकडायला कुणाला आवडत नाही? या वेळी मात्र बाराव्या ओळीवर माझं बोट अडलं. जगदेवी अण्णाराव, मयत, १९७७.

जगदेवीकाकू आमच्या शेजारच्या. आम्ही त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा मी तिसरीत होतो आणि त्यांचा अमरनाथ नुकताच पावलं टाकत होता. शाळा सुटली की काकू दारातूनच हाक मारायच्या आणि येसराच्या आमटीत ज्वारीची भाकर कुस्करून द्यायच्या. तो वास आठवला की आजही घरी जावंसं वाटतं, आणि आमचं ते घर तर कधीच विकलं गेलं. मशीनलाच वेड लागलं असणार, असं बडबडत मी स्कूटर काढली.

काकू अंगणात तूर पाखडत होत्या. कपाळावरची विभूती तशीच ठसठशीत. मी हसत हसत कागद दाखवला. त्या हसल्या नाहीत.

"खरं हाय ते," सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या. "जगदेवी माझी अक्का. अमरनाथच्या बाळंतपणात गेली. मंग मला दिली इथं."

लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहायची आमच्याकडे रीत. सासूनं दुसऱ्या वेळीही तेच नाव लिहायला लावलं. लेकराला आई गेल्याचं कधी कळू नये म्हणून. माहेरची सिद्धम्मा त्या ताटातच राहिली, आणि पुढे रेशन कार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे जगदेवी चढली.

"काही अवघड नाही काकू," मी म्हणालो. "मी जगदेवीची धाकटी बहीण सिद्धम्मा, असं लिहून द्या. सोबत अमरनाथचा जबाब जोडू."

"त्याला म्हाईत न्हाई, बालाजी. पगार बंद झाला तर होऊ दे. मी मेले म्हणून लिव."

"असं कसं लिहू?"

"लिव रे. लेकराची आई आता या वयात कशाला मारायची?"

मला रागच आला. काकूंचा नाही, त्या यादीचा. एका घरानं अठ्ठेचाळीस वर्षं जपलेली गोष्ट दोन रजिस्टरं शेजारी ठेवताच उघडी पडली होती, आणि त्यात चूक तरी कुणाची? मी काहीच लिहिलं नाही. कागद खिशात घालून परत आलो.

पण काकूंच्या खात्याला मोबाईल नंबर अमरनाथचा. लाभार्थी मयत, पगार थांबवला, असा मेसेज वरूनच त्याला नांदेडला गेला. सोमवारी तो काकूंना घेऊन ऑफिसात हजर. काकूंना बाकावर बसवून तो माझ्या टेबलाशी आला.

"दादा, जबाब कुठं द्यायचा?"

मी बाकावरच्या काकूंकडे पाहिलं.

"सातवीत होतो तवाच मामानं सांगितलं," तो हळूच म्हणाला. "तिनं लपवलं, मंग मी बी लपवलं. लई जीव लावला हो तिनं."

मग त्यानं कागद ओढून लिहिलं: मयत जगदेवी ही माझी आई. हयात सिद्धम्मा ऊर्फ जगदेवी ही माझी आई.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोन आया कशा? एक खोडा."

"जबाब आहे साहेब," मी म्हणालो. "त्यात खाडाखोड चालत नाही."

सहीसाठी मी नाव पुकारलं, "सिद्धम्मा अण्णाराव." काकू बाकावर तशाच बसून होत्या. मी पुन्हा पुकारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, दुसरंच कुणी येत असल्यासारखं.

अमरनाथनं वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, तुलाच बोलवायलेत."