चिमट्याला जागा

"पप्पा, हे भोक कावून सोडून राहिले तुम्ही?"

देवीदास रामटेक्यांनी हातातल्या खेळण्याकडं पाहिलं. पिवळं प्लास्टिक, बोटभर स्क्रीन, खाली चार बटणं. वरून पडणारे ठोकळे त्यांनी तळापासून पार वरपर्यंत रचले होते, भिंतीसारखे, एकही वाकडा नाही. फक्त उजव्या कडेला एका चौकोनाएवढी फट होती, वरपासून खालपर्यंत, विहिरीसारखी. ओळ पूर्ण भरली की ती मिटते आणि गुण मिळतात. देवीदासांची एकही ओळ भरलेली नव्हती. गुण शून्य.

"चिमट्याले जागा पाह्यजे ना," ते म्हणाले.

प्रफुलनं बायकोकडं पाहिलं. नीतूनं वहीत लिहिलं, असंबद्ध उत्तर.

सुरुवात दुर्गला झाली होती. नोव्हेंबरात देवीदास पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेले. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणालं हा तो माणूस नव्हे. दहाही बोटं ठेवून झाली. बत्तीस वर्षं क्रेनचे दांडे ओढून बोटांवरच्या रेषा कधीच घासून गेल्या होत्या. खिडकीतल्या बाईनं विचारलं, घरी दुसरं कोणी जिवंत आहे का. देवीदास चिडले आणि तिथूनच त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. म्हणाले, "हे लोक म्हणून राह्यले का मी देवीदास नाही." प्रफुलनं वाक्य तेवढंच ऐकलं आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.

प्रफुल पुण्यात एका कंपनीत माणसं पारखायच्या खात्यात होता. एका माणसाला कामावर ठेवायचं की काढायचं हे तो आधी ठरवायचा आणि मग त्याची परीक्षा घ्यायचा. घरबसल्या कामाची परवानगी काढून तो नीतूसकट महिनाभरासाठी भिलाईतल्या स्मृति नगरच्या घरी उतरला. नीतूचं माहेर दुर्गलाच, त्यामुळं तिचीही सोय झाली. ठोकळ्यांच्या खेळानं म्हाताऱ्यांचा मेंदू तपासता येतो असं प्रफुलनं कुठंतरी वाचलं होतं. मोबाइलवर ते जमेना, कारण देवीदासांची बोटं मोबाइललाही ओळखू येत नव्हती. मग दुर्गच्या बाजारातून बटणांचा खेळ आणला. त्यात पाच प्रकार होते, ए ते ई. महिन्यात पाच रविवार होते. प्रफुलला हा योगायोग फार आवडला.

पाचांपैकी तीन रविवारी हजार गुण आले तर पप्पा भिलाईतच, आपल्या घरात. नाही आले तर पुणे, चौदावा मजला. बायको शेवंता गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, देवीदास त्या घरात एकटे राहत होते. स्वतःचा भात शिजवत होते. अंगणातल्या कडुनिंबाखाली सकाळी खुर्ची टाकत होते. त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेव्हा वहीत लिहिलं गेलं, बदलाला विरोध.

ए प्रकारात नापास झाले ते असे. ठोकळा लवकर खाली सोडायचं एक बटण होतं, त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. माल सोडायचा नसतो, ठेवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. तासभर ते ठोकळे हळूहळू उतरवत बसले, आणि नीतू जांभया मोजत बसली.

दुसऱ्या रविवारी बी. यात खालून जमीनच वर येते. दर थोड्या वेळानं तळाशी एक ओळ उगवते आणि सगळा ढीग वर सरकतो. देवीदासांनी तीन ठोकळे व्यवस्थित उतरवले. मग ढीग हलला. देवीदासांनी खेळणं टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि शांतपणे अंगणात जाऊन कडुनिंबापाशी उभे राहिले. जाताजाता त्यांनी नीतूलाही हाताला धरून बाहेर ओढलं.

"जमीन हलली का अगुदर भायेर निंगायचं," त्यांनी तिला समजावलं. "माल गेला तं गेला."

त्या दिवशी नीतूची वही पानभर भरली.

दोन गेले. आता उरलेले तिन्ही जिंकायला हवे होते.

सोमवारी सकाळी नेहमीसारखा धनंजय आला. धनंजय लांजेवार, कॅम्प भागातून सायकलवर येतो. दोघंही इंडस्ट्रियल एरियातल्या एका रोलिंग मिलमध्ये होते. देवीदास वर क्रेनच्या केबिनमध्ये, धनंजय खाली इशारे करायला. क्रेनचा चिमटा लोखंडाची लादी उचलायचा, थप्पीवर ठेवायचा, आणि मग सुटून बाहेर यायचा. चिमटा बाहेर यायला थप्पीच्या कडेला फट लागते. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी देवीदासांनी ती सोडली नाही. शिफ्ट संपत आली होती, आणि सुपेल्याच्या बाजारातून केक घेऊन घरी पोचायचं होतं. प्रफुलचा पहिला वाढदिवस होता. चिमटा अडकला. धनंजयनं तो सोडवायला हात घातला, आणि लादी बसली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

चौकशीत धनंजय म्हणाला, माझीच चूक. घरी आल्यावर देवीदासांना म्हणाला, आता रोज सकाळी माझा खर्रा तू घोटायचा, मी मरेस्तोवर. हाच तुझा दंड. तेव्हापासून देवीदास रोज सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून दहा मिनिटं घोटतात, आणि धनंजय समोर बसून खोड्या काढतो. पानठेल्यावर तयार खर्रा मिळतो, पण धनंजय तो खात नाही. म्हणतो, त्याले दंडाची चव नाही. प्रफुलला यातलं काही कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या लेखी धनंजयकाका म्हणजे पप्पांचा एक व्यसनी मित्र. वहीत तसं पानही होतं.

"राम राम," धनंजय म्हणाला.

"जयभीम. बस."

देवीदासांनी घोटता घोटता परीक्षेचं सांगितलं. धनंजयनं खेळणं मांडीवर धरलं, अंगठ्यानं बटणं दाबून पाहिली, आणि देवीदासांनी पहाटे सराव म्हणून रचून थांबवून ठेवलेली थप्पी बघितली. उजव्या कडेच्या फटीवरून त्यानं अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. मग हसायला लागला. इतका हसला की त्याची कवळी निसटली.

"अबे, ह्या प्लास्टिकच्या डब्यात कोण हात घालून राह्यलं?"

"सवय आहे."

"भर ते भोक."

"मले नाही होत, धनंजय."

"माही बोटं डब्यातून निंगनार आहेत का? भर. तू पुन्याले गेला तं खर्रा कोन घोटन, तुहा बाप?"

देवीदासांनी भरलं. उभी लांब काठी आली, ती डोळे मिटून त्यांनी फटीत उतरवली. चार ओळी एकदम लखलखल्या आणि मिटल्या. धनंजयनं आपल्या उजव्या पंजाकडं पाहिलं आणि म्हणाला, "चारच गेल्या. हिशोब बरोबर आहे." आणि पुन्हा हसला.

त्यानंतर जे झालं ते प्रफुलला अपेक्षित नव्हतं.

सी प्रकारात ठोकळा एकदा बसला की दिसेनासा होतो. रिकाम्या स्क्रीनवर आंधळ्यासारखं रचायचं. मिलमध्ये पाण्याची वाफ उठली की केबिनमधून खालचं काहीच दिसायचं नाही, कुठली लादी कुठं ठेवली ते डोक्यात ठेवावं लागायचं. देवीदासांनी चार हजार केले आणि चहा मागितला. डी प्रकारात डावं बटण दाबलं की ठोकळा उजवीकडं जातो. खाली उभ्या माणसाचं उजवं ते केबिनमधल्या माणसाचं डावं, हे देवीदासांना बत्तीस वर्षं माहीत होतं. ते सात हजारांवर गेले. प्रफुल सेल बदलून पुन्हा खेळायला लावायचा आणि ते पुन्हा तेवढेच करायचे. नीतूनं त्या दोन रविवारी वहीत फक्त तारीख टाकली.

राहिला ई. दोन जणांचा. दोन खेळणी वायरनं जोडायची. आपल्याकडची ओळ मिटली की ती समोरच्याच्या बुडाखाली जाऊन बसते आणि त्याचा ढीग वर चढतो. दुसरं खेळणं आणायला प्रफुल स्वतः दुर्गला गेला. म्हणाला, बाहेरचा नको, मीच खेळतो. शनिवारभर तो खोली बंद करून सराव करत होता. नीतूनं आईवडिलांनाही जेवायला बोलावलं होतं.

धनंजयही आला, न बोलावता. दारात स्टूल घेऊन बसला.

पहिला डाव दोन मिनिटांत संपला. देवीदास मन लावून खेळत होते, मान खाली, जीभ दातांत. समोर काय चाललंय याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते चार ओळी मिटवायचे, की प्रफुलच्या तोंडून हुंकार यायचा. प्रफुलचा ढीग छताला लागला आणि खेळण्यातून रडकं संगीत वाजलं. प्रफुल म्हणाला, बेस्ट ऑफ थ्री. मग म्हणाला, बेस्ट ऑफ फाइव्ह. पाचव्या डावाला नीतूचे वडील ताट सरकवून बघायला आले आणि जावयाला सल्ले द्यायला लागले. प्रफुलनं वायर उपटली.

"म्या मुद्दाम नाही केलं रे बापू," देवीदास म्हणाले. "तुह्या बुडाखाली जाते ते मले काय मालूम."

धनंजय स्टुलावरून म्हणाला, "माणसं पारखते म्हने पोरगा."

कोणी हसलं नाही. उरलेले तीन रविवार झाले होते, तिन्ही जिंकले होते. देवीदासांनी खेळणं रुमालात गुंडाळून प्रफुलपुढं ठेवलं, कामावरून सुटताना केबिनची किल्ली ठेवायचे तसं.

"घे. झालं आता. मी हतीच, आपल्या घरी राह्यतो."

प्रफुल आत गेला. नीतूही आत गेली. कुजबुज झाली. अर्ध्या तासानं प्रफुल वही घेऊन बाहेर आला आणि फार प्रेमानं वडिलांच्या शेजारी बसला.

"पप्पा, देखो, मागच्या तीन हप्त्यांत तुम्ही दिवसभर हेच खेळून राह्यले. घंटी वाजली तं उठत नाही. जेवन थंडं होते. इतकी सुधारणा नॉर्मल नाही. ये लत है, व्यसन, पप्पा. एकटा माणूस असला का असंच होते."

देवीदासांनी वहीकडं पाहिलं. तिथं आधीच लिहिलेलं होतं. शाई वाळलेली होती.

"तं हरलो असतो तं?"

"तं मंग सवालच नव्हता."

सोमवारी सकाळी पेंटर आला. टेम्पोतून त्यानं पाटी उतरवली, गुलाबी रंगाची. गर्ल्स हॉस्टेल, शांत वातावरण, कोचिंगपासून जवळ. फाटकावर कुठं ठोकायची म्हणून त्यानं देवीदासांनाच विचारलं. देवीदासांनी त्याला पाणी दिलं आणि ही पाटी कधी सांगितली होती ते विचारलं. पेंटर म्हणाला, "भैया ने तो दिवाली के पहले ही बोल दिया था, बाबूजी. मेरे से ही लेट हुआ."

दिवाळीच्या आधी. तेव्हा दुर्गच्या मशीननंसुद्धा देवीदासांना नाकारलं नव्हतं. देवीदासांनी स्टूल आणलं, आणि पेंटरचा तोल जाऊ नये म्हणून पाटी ठोकून होईपर्यंत ते धरून उभे राहिले. पाटी जरा डावीकडं झुकली होती. त्यांनी बोटानं खूण करून ती सरळ करून घेतली.

निघायच्या दिवशी देवीदास पहाटे चारलाच उठले आणि कडुनिंबाखाली बसून खर्रा घोटायला लागले. एक झाला, दुसरा घेतला. प्रफुल सामान बांधत होता. नीतूनं दोनदा येऊन बघितलं. नऊ वाजेपर्यंत तीस पुड्या झाल्या. देवीदासांचे तळवे घोटून घोटून सोलून निघाले होते.

धनंजय आला. राम राम झालं, जयभीम झालं. त्यानं पुड्यांचा ढीग पाहिला.

"आठ दिवसांत वाळून गोटे होतीन."

"चघळ."

"दात नाहीत बे."

"तं चोख."

धनंजयनं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. देवीदास पुड्या रचायला लागले. एकाशेजारी एक, एकावर एक, जराही वाकडी नाही. डबा गच्च भरला, तिसावी पुडी कोपऱ्यात बरोबर बसली. धनंजयनं डब्यात हात घातला. एका अंगठ्यानं गच्च रचलेल्यातली पुडी निघेना. अंगठा वरून नुसता घसरत होता. त्यानं हात मागं घेतला.

देवीदासांनी उजव्या कडेच्या पुड्या काढल्या, वरपासून खालपर्यंत, आणि आपल्या खिशात टाकल्या.

ओसरीतून नीतू बघत होती. तिनं प्रफुलला कोपरानं ढोसलं. "देखा? फिर से गैप छोड़ दिया." प्रफुलनं मान हलवली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि प्रफुलचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका झाला होता.

कडुनिंबाखाली धनंजयनं पुन्हा हात घातला. अंगठा फटीत उतरला, आडवा झाला, आणि पहिली पुडी वर आली.