आपल्याकडे असा शब्द नाही

रमणने यंत्राचं मनगट धरलं आणि टाकीच्या जोडावरून हलकेच पुढे नेलं, पोराचा हात धरून 'ग' गिरवून घ्यावा तसं. यंत्राने निमूट गिरवलं. ओमानमधल्या सोहारच्या त्या कारखान्यात इतकं आज्ञाधारक आजवर कोणी आलं नव्हतं. एक रमण सोडला तर.

तेलाचे भाव पडल्यापासून कारखान्यात माणसं कमी आणि निरोपसमारंभ जास्त झाले होते. "याला तुझा वेल्डिंगचा हात शिकव, तुझी नोकरी माझ्याकडे लागली," असा शब्द मॅनेजर कृष्णकांत खोत यांनी दिला होता. दोघे एकाच गावचे, लांज्याकडचे. म्हणून रमण सुट्टीच्या शुक्रवारीही येत होता.

यंत्र बसवायला आलेला चेक इंजिनिअर यारोस्लाव चहाबरोबर खुलला.

"रोबोट हा शब्द आमच्या 'रोबोता'वरून आला. कुळांनी ठरलेल्या दिवशी जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं, ती रोबोता. नांगर आपला, बैल आपले, पीक त्याचं. त्या शब्दाच्या मागे गेलात तर गुलाम, आणखी मागे गेलात तर पोरका. म्हणतात, तुमचं संस्कृत 'अर्भ'ही त्याच गोत्रातलं. तुमच्या भाषेत रोबोतासाठी शब्द असेलच?"

कृष्णकांत यांनी चहात बिस्किट बुडवलं.

"छे! आपल्याकडे असलं काही नव्हतंच. काय रे रमण?"

रमणचा आजा दर आठव्या दिवशी घरची भाकर फडक्यात बांधून खोतांच्या शेतात राबायला जाई. आठवेठ म्हणत त्या वेठीला. खोत कुठले, ते विचारायची गरज नव्हती; आडनाव समोर चहा पीत होतं.

बिस्किट विरघळून कपात पडलं.

"नाय, साहेब," रमण म्हणाला.

संध्याकाळी यंत्र पास झालं.

"एक लक्षात ठेवा," यारोस्लाव बॅग आवरत म्हणाला. "दर शुक्रवारी याला बंद ठेवायचं. तेलपाणी, साफसफाई. विश्रांती दिली नाहीत तर वॉरंटी गेली."

कृष्णकांत यांनी क्षणभर विचार केला आणि रमणच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ, शब्द पाळला की नाही? उद्यापासून तू यार्डात, माल चढवायला. आणि शुक्रवारी इथे, याच्या जागी. फक्त शुक्रवारचा ओव्हरटाइम मागू नकोस हं."

"म्हंजे शुक्रवार फुकट?"

"फुकट काय म्हणतोस? घरचं काम समज. आपलाच माणूस ना तू?"

रमणने मान हलवली. जोडावर खुणा करायचा खडू खिशातून काढून त्याने आपल्या हेल्मेटवर सावकाश चार अक्षरं लिहिली: आठवेठ. हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि यंत्रावर कापड घालायला गेला.

"काय लिहिलंय त्याने?" यारोस्लावने विचारलं.

कृष्णकांत यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काही नाही," ते म्हणाले. "त्याचं नाव."