निवडीत नसलेला हात

"नको म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?" आतला शिलाई मशीनचा आवाज थांबला, पण दार काही उघडलं नाही.

पाहणीवाल्या बाईंनी वजनकाटा पायरीवर टेकवला. या दाराशी त्यांची ही चौथी खेप. शेजारीण केव्हाची मागे लागली होती, "अहो ताई, त्या शिंपीकाकांचा नाद सोडा. आमचं घर घ्या, आम्ही सगळे ठणठणीत आहोत!"

पण देशाच्या आरोग्याची ही पाहणी दर काही वर्षांनी व्हायची आणि घरं वरूनच निवडून यायची. त्यात अदलाबदल चालत नसे. हौसेनं दार उघडणारीच माणसं मोजली, तर अख्खा देश धडधाकट दिसेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"काका, तुम्ही दार उघडेपर्यंत मी इथेच आहे," म्हणत त्यांनी पायरीवर बैठक मारली.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

"रक्तदाबाचं मशीन आणलंय ना? आधी स्वतःला लावा. मग बघू."

एवढंच ना! बाईंनी आत जाऊन स्टुलावर बसत पट्टा दंडाला गुंडाळला. आकडा पाहून त्यांचं हसू मावळलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तो खाली यायचं नाव घेईना.

काकांनी वाकून पाहिलं. "लिहा की."

"माझं घर निवडीत नाही, काका. तुमचा हात द्या."

त्यांनी मुकाट्यानं हात दिला. बाकीचे प्रश्नही झाले. घरात ते एकटेच होते.

"तुमचं अगदी उत्तम आहे," बाई सामान आवरत म्हणाल्या.

"आणि तुमचं?"

"दाखवेन उद्या-परवा. अजून घरं राहिलीत."

काकांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. "मागच्या पाहणीला आमची ही बसली होती तिथे. असाच आकडा आला होता. दवाखाना समोरच, रस्त्यापलीकडे. रोज म्हणायची, उद्या जाते. तो उद्या काही आला नाही. म्हणून नको होतं मला ते मशीन घरात."

'दुर्लक्ष करू नका, वेळेवर दाखवा,' असं घरोघर बजावणाऱ्या बाई. आज त्यांनी घाईनं मशीन पिशवीत भरलं.

काकांनी पायांत चपला सरकवल्या, वजनकाटा काखेत मारला आणि बाईंना बाहेर काढून दाराला कुलूप घातलं.

"अहो काका, माझी घरं..."

"घरं कुठे पळून जात नाहीत."

ते रस्ता ओलांडू लागलेसुद्धा. काट्याशिवाय पुढचं घर होणार नव्हतं. बाई त्यांच्या मागोमाग निघाल्या.