अर्नोने बुजवलेलं विवर

ओळीतल्या शेवटच्या बाईने हातोहात आलेला शेवटचा धोंडा गवतावर टाकला आणि खालून गार हवेचा झोत वर आला. सॅन अँटोनियो शहरातून श्रमदानाला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. विवर मोकळं झालं होतं.

ओकच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या एल्फ्रीडाने टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे रान तिचं होतं. बिल्डरांना दारातूनच परत पाठवून तिने ते शहराला दिलं, पावसाचं पाणी जमिनीत मुरावं आणि लोकांनी मनमोकळं फिरावं म्हणून. या विवराबद्दल मात्र ती कुणाशी बोलली नव्हती. एवढं गवत माजलंय, सापडतंय कुणाला, असं तिला वाटलं होतं.

"पाणी इथून थेट खडकाच्या पोटात जातं," रानाची देखरेख करणारी मारिसोल सांगत होती. "तेच आपल्या नळाला येतं. आणि लोकांनी केलं काय? बुजवून टाकलं!"

"आणि काय चिणलंय!" टोपीवाला एक जण म्हणाला. "गड्याला दुसरा उद्योग नव्हता वाटतं."

सगळे हसले. हसणाऱ्यांचं काय जातं! चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने, अर्नोने, एकेक धोंडा स्वतः वाहून आणला होता. कुणाला हात लावू दिला नाही. पुढे घरची विहीर आटली. शेजारी म्हणाले, अरे, ते तोंड मोकळं कर, पाणी परत येईल. त्यांनी त्याला वेड्यात काढलं. अर्नो मरेपर्यंत लांबून टाकी भरून आणत राहिला, पण एक दगड हलवला नाही.

एक चिमुरडी आत डोकावायला धावली.

"मागे हो!"

एल्फ्रीडा इतक्या जोराने ओरडली की पोरगी रडायलाच लागली. आईने तिला उचलून घेतलं. मारिसोल धावत सावलीत आली.

"आजी, काय झालं?"

"आमचा लॉरेन्झ यातच पडला. सहा वर्षांचा होता."

टोपीवाल्याने टोपी काढली. मारिसोलचा चेहरा उतरला.

"आधी बोलला असतात तर... पुन्हा बुजवू या का? तुम्ही म्हणाल तसं."

हो म्हणावंसं एल्फ्रीडाला फार वाटलं. पोराच्या मातीलाही अर्नो रडला नव्हता. त्याचं जे काही रडणं होतं ते धोंडे वाहण्यातच झालं, आणि आता ते उकरून बाहेर काढलं होतं. तिने डोळे पुसले.

"नको. जाऊ दे पाणी. आम्ही पुष्कळ अडवलं. तोंडावर जाळी कधी बसवताय?"

"सोमवारी. आज-उद्या शनिवार-रविवार, माणसं मिळत नाहीत. तोवर भोवती दोरी बांधतो ना."

"दोरी तेव्हाही बांधली होती, पोरी."

एल्फ्रीडा उठली, विवराच्या तोंडाशी गेली आणि येणाऱ्या पायवाटेकडे तोंड करून हळूहळू जमिनीवर बसली.

"जा तुम्ही सगळे घरी," ती म्हणाली. "मी आहे इथं."