घरची पोरं शून्य

मैदानावर धुकं उतरलं होतं. गोलपोस्टामागच्या दोरीवर धुतलेल्या जर्सी वाळत होत्या. वारा आत शिरला की त्या फुगायच्या. वाटायचं, माणसंच उभी आहेत, डोकी तेवढी यायची बाकी आहेत.

मी गॅलरीत शाल गुंडाळून बसले होते. हे गेल्यापासून क्लब माझ्या नावावर आहे. थोड्याच वेळात गिऱ्हाईक येणार होतं आणि क्लब विकायचा की नाही, हे मला ठरवायचं होतं.

जावई शेजारी कागद पसरून बसले. हिशेबनीस आहेत, शब्दांनाही पगार द्यावा लागतो असं बोलतात.

"डावीकडे देणी. उजवीकडे मालमत्ता. बस, दिवे, खेळाडू."

"खेळाडूसुद्धा?"

"विकत आणलेले. हा फॉरवर्ड बघा, सगळ्यांत मोठा आकडा."

"तो लंगडतो."

"कागदावर नाही लंगडत, आई."

"मग डावीकडे पण तोच कसा?"

"त्याचे हप्ते द्यायचे राहिलेत."

"म्हणजे दोन्ही डगरींवर हात. आणि आपली पोरं? इथंच धडपडत मोठी झालेली?"

"ती विकत घेतली नाहीत ना. त्यांची नोंद शून्य. नियमच आहे तसा."

"घरात वाढलेलं शून्य आणि बाहेरून आणलेलं भांडवल?"

सूनबाई दोरीवरच्या जर्सी चाचपत होती. तिचे कान तिखट. "ऐकलंत ना, आई? आता तरी माझी किंमत धरा."

"तुझे हप्ते अजून फिटायचेत," मी म्हटलं.

मग डोळा लागला. जर्सी दोरीवरून उतरल्या आणि खेळू लागल्या. पाय नव्हते, गवत वाकत नव्हतं. हाक न मारता चेंडू याच्याकडून त्याच्याकडे जात होता. मोठ्या आकड्याच्या फॉरवर्डची जर्सी एकटी चिमट्याला लटकून होती. हे कडेला फक्कीची रेघ ओढत चालले होते आणि ती रेघ धुक्यात संपतच नव्हती. विचारावंसं वाटलं, काय करू? पण जिवंतपणी सल्ला दिला नाही, आता कुठून देणार.

जाग आली ती गिऱ्हाइकाच्या बुटांच्या आवाजानं. त्यानं कागद वाचला, चुकचुकला.

"देणी फार आहेत, बाई. तुमच्याकडे बघून घेतोय."

"माझ्याकडे नका बघू, कागदाकडे बघा. त्यावर आहे ते सगळं न्या, देण्यांसकट. शून्यवाली पोरं तेवढी माझ्याकडे राहू देत."

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला.

"पोरं नसतील तर मी घेऊ काय? ती बस?"

जावयांचं पेन कागदावर तसंच राहिलं.

"मग आपलं जमायचं नाही," मी म्हटलं.

तो गेला. देणी होती तिथंच होती.

"आता?" जावयांनी विचारलं.

"फॉरवर्ड विकायला काढा, आणि बसही. पोरं चालत जातील, पाय आहेत त्यांना."

सूनबाईनं जर्सी काढून नेल्या होत्या. रिकामी दोरी अजून हलत होती. तिच्यामागून, धुक्यातून, पोरं सरावाला येत होती. या वेळी डोक्यांसकट.