मागच्या सीटचा निकाल

गादीमास्तरांना मोटारसायकल घ्यायची होती, आणि ती बायकोच्या माकडहाडाला विचारून घ्यायची होती.

नवरा-बायकोचं सोफे आणि खुर्च्या भरून द्यायचं दुकान होतं. मास्तर फोम कापत आणि सांगाडे ठोकत, बायको कव्हरं शिवायची. कामात दोघांच्याही तोंडात काही ना काही धरलेलं असे. मास्तरांच्या ओठांत बारीक खिळे, बायकोच्या ओठांत टाचण्या. त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हा संसार हुंकारांवर चालायचा. ‘हं’ म्हणजे कात्री दे. ‘हंहं’ म्हणजे ही नव्हे, ती. एकदा एका गिऱ्हाइकाला वाटलं, दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय. जाताना त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून “होतं असं, होतं असं” म्हटलं. मास्तरांनीही “हं” म्हणून त्याचं सांत्वन केलं.

बोलणं व्हायचं ते गाडीवर. घर ते दुकान पंचवीस मिनिटं, परत येताना पंचवीस. बायको मागून खांद्यावर हनुवटी टेकवून बोलायची आणि मास्तर मान हलवायचे. लेकीला काय शिकवायचं, कुठल्या खोलीला रंग द्यायचा, कोणाच्या लग्नाला आजारी पडायचं, हे सगळं या पन्नास मिनिटांत ठरे. घरी आल्यावर दोघंही दमलेली असत, मग टीव्ही बोलायचा.

आठ महिन्यांपूर्वी बायको दुकानात स्टुलावरून आपटली. स्टूल मास्तरांनीच दुरुस्त केलेलं असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न राहिला. माकडहाड दुखावलं, जुन्या गाडीची सीट दोनदा भरली तरी खड्डे सोसेनात, गाडीवर बसणं बंद झालं, आणि ती बसमधून उभ्याने यायला लागली. या आठ महिन्यांत नवरा-बायकोत झालेलं सगळ्यात मोठं संभाषण “गॅस बंद केलास का?” हे होतं.

मास्तरांना ते गाडीवरचं बोलणं परत हवं होतं. पण असं बायकोला कसं सांगणार? पंचवीस वर्षं संसार झालेल्या माणसाला काही लाज असते. त्यांनी सांगितलं ते असं.

“अगं, मोठी गाडी घेऊ या. ताकदवान. पाठ सरळ ठेवून बसायची. दोघं बसलो तरी चढावर कुंथत नाही.”

“वय काय तुमचं?”

“एक्कावन्न.”

“मग बरोबर आहे. या वयात होतं म्हणतात. जातं आपोआप.”

“नेकेड म्हणतात त्या गाडीला.”

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “काय म्हणतात?”

“म्हणजे पुढे काच नाही, अंगावर प्लास्टिकचं झाकण नाही. इंजिन, सांगाडा, सगळं उघडं.”

“आपल्याकडे लोक असल्या वस्तू दुरुस्तीला आणतात,” बायको म्हणाली. पण यायला तयार झाली. अट एकच. मागची सीट ती दुकानाच्या पद्धतीने तपासणार.

दुकानाची पद्धत चाळीस मिनिटांची होती. पहिली पाच मिनिटं कुठलीही खुर्ची गोडच बोलते, तिचं पितळ नंतर उघडं पडतं, असं मास्तरांचं मत होतं. भरलेली प्रत्येक खुर्ची ते चाळीस मिनिटं बसून मगच गिऱ्हाइकाला देत.

शोरूममध्ये एका टायवाल्याने दोघांचं स्वागत केलं. “सर, आठशे नव्वद सीसी. शून्य ते शंभर, साडेतीन सेकंदांत!”

“कुठे जायचं असतं?” बायकोने विचारलं.

“म्हणजे, मॅडम?”

“नाही, एवढी घाई म्हणजे घरात कोणी सिरियस वगैरे असतं का?”

टायवाल्याच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता. त्याने डेमोची गाडी स्टँडवर सरळ उभी केली. मास्तर पुढे बसले, बायको मागे, आणि मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहून ठेवलं.

पुढची जागा उत्तम होती. हँडल रुंद, कोपर सैल, गुडघे टाकीला नेमके लागणारे, पाठ किंचित पुढे झुकलेली. मास्तरांनी मनातल्या मनात पुढच्या सीटला पैकीच्या पैकी गुण दिले.

आठव्या मिनिटाला टायवाला आला. “अजून काही दाखवू, सर?”

“बत्तीस मिनिटांनी,” मास्तर म्हणाले.

बाराव्या मिनिटाला एका जोडप्याने त्यांचा फोटो काढला. विसाव्या मिनिटाला एक आजोबा आत आले, या दोघांकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “ही रांग आहे का?” आणि उत्तराची वाट न पाहता गाडीच्या मागे उभे राहिले.

“अहो,” सव्विसाव्या मिनिटाला बायको म्हणाली.

“काय?”

“टोचतंय.”

मास्तरांचा चेहरा पडला. मागची सीट दिसायलाच पावाच्या कापाएवढी होती, तिच्याकडून अपेक्षा तरी किती करायची? ते खाली उतरायला लागले. बायको त्यांच्याआधी उतरली, वाकून सीटच्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं, आणि तिच्या हाताने पर्समधून टाके उसवायचा टोच्या काढला. तिचा तसा काही विचार नव्हता. खराब शिवण दिसली की हात आपला आपण चालतो, इतकंच.

टायवाला दोन कप कॉफी घेऊन आला तेव्हा सीटचं कव्हर उलगडून टाकीवर वाळत घातल्यासारखं पडलं होतं आणि मास्तर गुडघ्यांवर बसून खिशातल्या सुरीने फोमला मधोमध खाच पाडत होते.

“मॅडम! हे डेमोचं वाहन आहे!”

“हं,” बायको म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

“सर, तुम्ही तरी सांगा!”

“हंहं,” मास्तर म्हणाले. त्यांना जरा मोठी सुरी हवी होती.

टायवाल्याने कॉफीचे दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकले आणि मॅनेजरला बोलावून आणलं. तोवर कव्हर पुन्हा चढलं होतं आणि शेवटचे टाके पडत होते. मॅनेजर लालेलाल होऊन आला. “हा काय प्रकार आहे?”

“बसून बघा,” बायको म्हणाली.

“मी काय विचारतोय?”

“मी काय सांगतेय?”

मॅनेजर बसला. थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले. मागे आजोबांनी एक पाऊल पुढे टाकलं.

“माझ्या केबिनमध्ये एक खुर्ची आहे,” डोळे न उघडता मॅनेजर म्हणाला.

“आणा दुकानात,” मास्तर म्हणाले. “आधी ही चालवून बघू द्या.”

हेल्मेटं आली. टायवाल्याला आपल्या स्कूटरवरून त्यांच्या मागे जायचा हुकूम झाला, कारण या दोघांनी वाटेत इंजिन उघडलं तर काय घ्या.

जागच्या जागी वळवताना गाडी म्हशीसारखी जड होती. मास्तरांना वाटलं, दोनशे किलो, हे आपल्याला झेपायचं नाही. पण चाकं फिरली आणि सगळं वजन कुठे गेलं कोणास ठाऊक. हँडलला नुसता इशारा केला की ती वळत होती. खड्डा आला, गेला, मागून काही तक्रार आली नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मास्तरांनी मनगट जरासं पिळलं आणि गाडी साठावर गेली.

तेवढ्यात खांद्यावर हनुवटी टेकली.

हेल्मेटसकट टेकली, टक्कन आवाज झाला, पण टेकली. आणि बायको बोलायला लागली. मास्तरांना खांद्यात तिच्या जबड्याची हालचाल कळत होती. शब्द मात्र एकही कळत नव्हता. पुढे काच नाही, झाकण नाही, सगळा वारा सरळ कानात. “काय?” मास्तर ओरडले. मागून बोलणं चालूच. “अगं, काय म्हणतेस?” तरी चालूच. दहा किलोमीटर बायको अखंड बोलली आणि दहा किलोमीटर मास्तर वारा ऐकत राहिले. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते शेवटी चालू झालं, आणि आपण बाहेर!

रस्ता संपला तिथे त्यांनी गाडी थांबवली.

“माकडहाड काय म्हणतंय?”

“मजेत आहे.”

“आणि तू काय म्हणत होतीस?”

“तुम्हाला ऐकू आलं?” तिने पटकन विचारलं.

“नाही. वारा होता.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

बायकोने हेल्मेटची काच वर केली. चेहरा असा काही मोकळा झाला होता, जशी घट्ट बुटांतून पावलं सुटावीत. “अहो, हीच घेऊ या.”

“अगं, पण ऐकू येत नाही ना!”

“म्हणून तर. आठ महिन्यांचं साचलं होतं. तोंडावर बोलले असते तर तुम्ही लगेच काहीतरी दुरुस्त करायला घेतलं असतंत.”

“माझ्याबद्दल होतं?”

“बरंचसं.”

“चांगलं की वाईट?”

“मिसळलेलं,” बायको म्हणाली आणि काच खाली केली.

मास्तर गाडीकडे बघत उभे राहिले. आराम, पास. चालवणं, पास. त्यांना जे हवं होतं ते नापास, आणि नेमकं त्याचसाठी बायकोला गाडी हवी होती. हळू चालवावी तर तीसच्या स्पीडला ऐकू येईल, पण ते कळल्यावर ती गप्प बसेल.

परतीला दोन रस्ते होते. सरळ मोठा रस्ता, आणि टेकडीवरून जाणारा जुना वळणांचा. मास्तर टेकडीकडे वळले. मागे टायवाल्याने हॉर्न वाजवला, तो वाऱ्यात गेला.

सरळ भागात गाडी साठावर, खांद्यावर जबडा हलतोय. पहिलं वळण आलं. मास्तरांनी ब्रेक दाबला, गिअर उतरवला, वारा पडला, आणि गाडी अलगद आतल्या बाजूला कलली.

“...निळा शर्ट मीच मुद्दाम...”

वळण संपलं. वारा आला. मास्तर पुढचं वळण शोधायला लागले. दुसरं वळण.

“...रडले, पण ते तुमच्यामुळे नव्हे, तिथे ती बाई...”

तिसऱ्या वळणात ते आणखी हळू शिरले. एवढी मोठी गाडी, पण पायी चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने, न डगमगता कललेली राहिली. मास्तरांच्या मते एखाद्या मोटारसायकलबद्दल याहून चांगलं काही म्हणता येणं शक्य नव्हतं.

“...एवढं सगळं असलं तरी दुसऱ्या कोणाच्या मागे बसून मला...”

पुढे सहा वळणं होती. प्रत्येकातून त्यांनी चार-पाच शब्द वेचले. शेवटच्या वळणात “...तेव्हा राग तसा काही नाही, फक्त एवढंच की...” इतकं हाती लागलं आणि रस्ता सरळ झाला. समोर शोरूमपर्यंत एकही वळण नव्हतं.

मास्तरांनी रस्ता मोकळा पाहिला, रुंद हँडल पूर्ण वळवलं आणि एका दमात गाडी उलटी फिरवली. समोरून टायवाला धापा टाकत येत होता.

“काका! शोरूम तिकडे!”

“घेतली!” मास्तर ओरडले, आणि वळण यायच्या बरंच आधी त्यांनी गिअर खाली टाकला.