टपालाच्या कपाटात लोकर

मित्रांनो, मी बहात्तर खणांचे एक जुने कपाट आहे. मला दार नाही, कुलूप नाही. नुसते खणच खण. एका सुताराने मला सागवानातून घडवले आणि टपाल कार्यालयात पोचवले.

माझ्यापुढे बसून पत्रे लावणारी ताई बाविसाव्या वर्षी नोकरीला लागली. तिचा हात असा बसला होता, की न बघता पत्र बरोबर खणात पडे. साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत. तेव्हा माझीही छाती फुगायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र ताई विणत बसायची. अर्ध्या कार्यालयाच्या पोराबाळांची टोपडी तिच्याच हातची.

मग पत्रे लावणारे यंत्र आले. मला जिन्याखाली ढकलले. माझ्यात फुटके कप, गंजलेले शिक्के आणि कोणाची तरी एक चप्पल येऊन पडली. ताईला बढती मिळाली, पण काम काय, तर दिवसभर यंत्राकडे बघत बसायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने राजीनामा दिला. निरोपाची भेट काय हवी, असे साहेबांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जिन्याखालचं कपाट द्या."

तिने लोकरीचे दुकान काढले. तिचे यजमान बसचालक. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तयार स्वेटर जागोजागी मिळतात. लोकर घेऊन कोण विणत बसणार?"

"येत नसेल त्याला मी शिकवीन," ताई म्हणाली.

माझ्या खणांत लोकरीचे रंगीत गुंडे बसले खरे, पण दोन महिने कुणी फिरकले नाही. ताई एकच शाल विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. त्यातच साहेबांचे पत्र आले : तुमच्या जागी कोणी टिकत नाही, महिनाअखेरपर्यंत परत या. ताई ते पत्र रोज वाचायची आणि माझ्या खणात परत ठेवायची.

एका दुपारी एक दणकट मेकॅनिक आला. अपघातात त्याच्या उजव्या हाताची बोटे आखडली होती. "डॉक्टर म्हणतात, बोटं हलती ठेवा. बायकोनं इथं पिटाळलं. कुणाला सांगू नका हं," तो दाराकडे पाठ करून म्हणाला. पहिल्या दिवशी त्याला एक टाका जमेना. सुया आपटून निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! तिसऱ्या आठवड्यात त्याची वीतभर पट्टी विणून झाली. त्याने खिशातून एक बोल्ट काढला आणि त्याच बोटांनी त्यावर नट चढवला.

"ताई, फिरला बघा!"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

त्या संध्याकाळी ती यजमानांना म्हणाली, "मी साहेबांना कळवतेय, दुसरं कुणी बघा म्हणून."

यजमान स्टूल ओढून बसले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "ती लोकरीची लड अडकव इथं. तू गुंडाळ, मी धरतो."

आता दुपारी पाच-सहा जण माझ्यापुढे विणत बसतात. एकमेकांचे टाके मोजतात आणि चुका काढून खिदळतात.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिला एकदा पुसून बघा. आणि घरातले मोठे माणूस एखाद्या छंदात रमले असेल, तर 'याचा उपयोग काय?' असे विचारू नका. शेजारी बसा, थोडा हात लावा. माझे म्हणाल, तर मी मजेत आहे. एकच खण तेवढा रिकामा दिसतो. मेकॅनिकने बाटलीहिरवी लोकर सगळीच्या सगळी उचलली. नवी उद्या येईल.